तेल कुठं थांबतं

माझा धंदा हायड्रॉलिक होजचा. जेसीबी, क्रेन, खडी फोडायचं क्रशर, लाकडं उचलणारं यंत्र, कशाचाही होज फुटला की काम जागच्या जागी थांबतं आणि मला फोन येतो. मी पिकअपला ट्रेलर जोडून निघतो. ट्रेलरमध्ये होजचे रीळ, क्रिंपिंग प्रेस, जनरेटर आणि फिटिंगांचे खण. फुटलेला होज काढायचा, त्याच मापाचा नवा कापायचा, टोकांना फिटिंग दाबून बसवायची, जोडून द्यायचा आणि बिल करायचं. कोल्हापुरात उद्यमनगरात हेच काम दुकानात बसून करत होतो. बायकोला चँडलरच्या चिपच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही अ‍ॅरिझोनात आलो. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मी पुन्हा तेच काम धरलं, फक्त आता गिऱ्हाईक माझ्याकडं येत नाही, मी त्याच्याकडं जातो.

आमचं फिनिक्स शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम अकराशे फुटांवर आहे आणि उन्हाळ्यात अक्षरशः भाजून काढतं. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण ४३ सेल्सिअसच्या खाली आलंच नव्हतं. माझी बरीच गिऱ्हाइकं मात्र उत्तरेला. कँप व्हर्डेकडं खडीची कामं, त्याच्या पुढं फ्लॅगस्टाफच्या पाइनच्या जंगलात लाकूडतोड. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांच्या आसपास. म्हणजे सकाळी भट्टीतून निघायचं आणि दुपारी स्वेटर शोधायचा. मधला आय-१७ हा रस्ता ब्लॅक कॅन्यन सिटी सोडली की सनसेट पॉइंटपर्यंत असा काही चढतो, की उन्हाळ्यात बॉनेट उघडून कडेला उभ्या राहिलेल्या गाड्या दिसल्या नाहीत तरच नवल.

माझी गाडी २००४ ची शेव्हरोले सिल्व्हराडो. तिच्यात ४एल६०-ई नावाचा चार गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. हा गिअरबॉक्स अमेरिकेत इतक्या गाड्यांत बसला आहे की त्याचे सुटे भाग वाण्याच्या दुकानातसुद्धा मिळतील असं इथले मेकॅनिक म्हणतात. इंजिन तापलंय की नाही हे गाडीचा काटा दाखवतो. गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान मात्र मी स्कॅनर लावून बघायला लागलो, आणि भरलेला ट्रेलर मागं असताना त्या चढावर आकडा २३५ फॅरनहाइटच्या पुढं जाताना दिसला. म्हणजे सुमारे ११३ सेल्सिअस. इंजिनचा काटा तेव्हा निवांत मधोमध होता.

ऑटोमॅटिक गाडी एवढी का तापते, हे आपल्याकडच्या बऱ्याच चांगल्या फिटरांनाही सांगावं लागतं, कारण आपली सवय क्लचप्लेटची. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. तेलानं भरलेला डबाच म्हणा. इंजिनकडचं पंख्यासारखं चाक तेल फेकतं, त्या तेलाच्या माऱ्यानं समोरचं चाक फिरतं. दोन्ही चाकं कधीच अगदी एका वेगानं फिरत नाहीत. जो फरक राहतो त्याची उष्णता होते आणि ती सगळी तेलात जाते. सपाट रस्त्यावर आतला लॉकअप क्लच दोन्ही चाकं एकत्र बांधतो, मग फरकच उरत नाही. चढावर ओझं आलं की लॉकअप सुटतो आणि तेल पुन्हा घुसळायला लागतं. मी गिअरच्या दांड्यावरचं टो-हॉलचं बटण दाबून चढतो. त्यानं गिअर सारखे वरखाली होत नाहीत, एवढाच फायदा. घुसळणं थांबत नाही.

हे गरम तेल नळीतून रेडिएटरच्या टाकीत जातं. तिथं पाण्यात बुडवलेली एक लहानशी नळी असते, तिच्यातून फिरून तेल परत येतं. गोम अशी की रेडिएटरचं पाणीच मुळी १९५ फॅरनहाइटच्या आसपास ठेवलेलं असतं, थर्मोस्टॅट त्याच मापाचा असतो. पाण्यापेक्षा तेल थंड होणार कसं? चढावर पाणी आणखी तापलं तर तेल थंड व्हायला आणखी कमी वाव उरतो. इथल्या मेकॅनिकांचा ठोकताळा असा, की गिअरबॉक्सचं तेल १७५ अंशांच्या आसपास राहिलं तर फार दिवस टिकतं, आणि त्याच्या वर दर २० अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. ठोकताळा म्हणजे शास्त्र नव्हे, पण जळालेल्या तेलाचा वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला तो पटतो. तेल जळलं की आतल्या क्लचप्लेटा घसरायला लागतात, घसरल्या की आणखी तापतात, आणि मग गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. माझ्यासारख्याची गाडी बसली तर धंदाच बसला.

म्हणून वेगळा कूलर लावायचं ठरवलं. पत्र्यांच्या थरांचा, एकावर एक चपट्या पट्ट्या रचलेला. एसीच्या कंडेन्सरच्या पुढं, जिथं समोरून येणारा वारा पहिल्यांदा लागतो तिथं तो बसवायचा. कूलर आला. खोक्यात रबरी नळीचं वेटोळं, पितळी काटेरी निपल, स्क्रूनं आवळायच्या पट्ट्या आणि कूलर कंडेन्सरला टाचायला प्लॅस्टिकचे दांडे होते. हे दांडे कंडेन्सरच्या पापुद्र्यांमधून आरपार घालायचे अशी सूचना होती. गाडी धावताना थरथरते, दांडे पापुद्रे घासत राहतात आणि वर्ष-दोन वर्षांनी एसीचा गॅस निघून जातो. मी ते दांडे बाजूला ठेवले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचे दोन ब्रॅकेट वाकवून, रबरी बुश घालून कूलर रेडिएटरच्या आधारपट्टीला टांगला. यात सांगण्यासारखं फार काही नाही. सांगण्यासारखं आहे ते फिटिंगांचं.

कूलरची दोन्ही तोंडं अर्धा इंच एनपीटीची, म्हणजे अमेरिकी पाइपचे निमुळते आटे. गाडीची नळी ३/८ इंचाची पोलादी, आणि तिचं रेडिएटरकडचं टोक क्विक-कनेक्ट जातीचं. त्यात आटेच नसतात. नळीच्या टोकाजवळ एक फुगीर कडं असतं. नळी आत ढकलली की तारेची छोटी क्लिप त्या कड्यामागं अडकते आणि आतली ओ-रिंग तेल धरते. माझ्या ट्रेलरमध्ये जे होज एंड आहेत त्यांत बहुतेक जेआयसी, म्हणजे ३७ अंशांचा कोन असलेले. तीन वेगळ्या घराण्यांच्या तीन वस्तू, आणि त्यांची सोयरीक मला जुळवायची होती.

उद्यमनगरात मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना सगळे आबा म्हणायचे. सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्यांचे, कारखान्यातल्या यंत्रांचे होज घेऊन माणसं दारात उभी असायची. गळतंय म्हणून कुणी पाना घेऊन नट आणखी आवळायला गेला की आबा हात धरायचे. "आट्यानं तेल थांबत नसतंय लेका. आटा नुसता ओढून धरतोय. थांबतंय ते सीटवर. आधी सीट बघ." सीट म्हणजे आत दोन कोन एकमेकांवर टेकतात ती जागा. आबांचं इंग्रजी जेमतेम होतं, पण फिटिंग हातात घेतलं की अंगठ्याच्या नखानं आतला कोन चाचपून ते जात सांगायचे. बीएसपीचा, म्हणजे ब्रिटिश पाइपच्या घराण्याचा कोन ६० अंशांचा, जर्मन फिटिंगचा २४, जेआयसीचा अर्धा कोन ३७, मोटारीच्या जुन्या नळ्यांचा ४५. मला पुढं हे आकडे पाठ झाले. त्यांच्या बोटांना ते मुळातच ठाऊक होते.

आबांचा नियम एनपीटीला मात्र लागू होत नाही, हे इथं आल्यावर कळलं. निमुळत्या पाइपला सीट नसते. तिथं आटेच एकमेकांत रुतून तेल अडवतात, आणि तरी त्यांच्या टोकांना बारीक नागमोडी वाट उरतेच, म्हणून वर लेप लावावा लागतो. आपल्याकडं प्लंबर सुतळी आणि सफेदा लावतो तो याचसाठी. तेव्हा पहिला प्रश्न नेहमी एकच: या जोडात तेल कुठं थांबणार आहे? आट्यात, कोनावर, की रबरी कड्यावर? उत्तर सापडलं की उरलेलं काम पान्याचं.

फसायला होतं ते इथंच: आटा जुळतो, कोन जुळत नाही. १/२-२० हा आटा जेआयसीच्या पाच नंबरच्या फिटिंगलाही असतो आणि मोटारीच्या ५/१६ इंचाच्या ४५ अंशी फ्लेअरलाही. नट बोटानं फिरवला तर लोण्यासारखा जातो. आवळताना घट्टही लागतो. पण आत एकाचा कोन ३७ आणि दुसऱ्याचा ४५, म्हणजे दोन कोन एका बारीक रेघेवरच टेकतात. थंड असताना गळत नाही. तापलं, थरथरलं की थेंब सुरू. अर्ध्या इंचाच्या नळीचं ३/४-१६ सुद्धा तसंच. मधल्या ३/८ मध्ये मात्र देवानं बुद्धी दिली: जेआयसी ९/१६-१८ आणि मोटारीचं ५/८-१८. आटे मोजायच्या पिच गेजवर दोन्ही अठराच दाखवतात, पण व्यासात एक सोळांश इंचाचा फरक आहे, त्यामुळं एकाचा आटा दुसऱ्यात धरतच नाही. माझी नळी ३/८ ची होती हे माझं नशीब.

हे सगळे आटे वेगवेगळे का, याला इतिहास आहे. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये इंग्लंडात ५५ अंशांच्या आट्याचं माप सुचवलं. विल्यम सेलर्सनं १८६४ मध्ये फिलाडेल्फियात ६० अंशांचं मांडलं, कारण तो कोन साध्या कारागिराला पाडायला आणि तपासायला सोपा. इंग्रज जिथं गेले तिथं ५५ गेला, म्हणून आपल्या नळाच्या पाइपांना आजही बीएसपी. अमेरिकेत ६०. दुसऱ्या महायुद्धात एकमेकांच्या यंत्रांचे बोल्ट एकमेकांना लागेनात, तेव्हा १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडानं नट-बोल्टच्या आट्यांवर समझोता केला. पाइपांचे आटे त्यातून बाहेर राहिले ते कायमचे. याच देशात फेब्रुवारी १९०४ मध्ये बाल्टिमोर शहर पेटलं होतं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फियाहून आगीचे बंब आगगाडीनं मदतीला आले, पण त्यांच्यातल्या अनेकांच्या होजची फिटिंगं बाल्टिमोरच्या रस्त्यावरच्या नळांना बसेनात. दीड हजारांवर इमारती जळाल्या. मी खण उघडून अडॅप्टर शोधायला लागलो की मला कधीकधी ते बंबवाले आठवतात.

तर अर्धा इंच एनपीटी. आमच्या गोदामाशेजारी एक मेक्सिकन मिस्त्री आहे. साठी उलटलेली, लेथवर हात बसलेला. मी त्याला 'डॉन' म्हणतो, तो मला 'मिहो' म्हणतो, म्हणजे बाळा. मी कूलरला निपल शोधतोय बघून त्यानं त्याच्या डब्यातून एक चकचकीत निपल आणून दिलं. कूलरच्या तोंडात ते तीन आटे सुरेख गेलं आणि मग जड झालं. डॉन खूश. मी ते काढून व्हर्नियर लावला, भिंग घेतलं आणि हसायला लागलो. निपल माझ्या गावचं निघालं: बीएसपी. कुठल्यातरी युरोपियन यंत्राबरोबर आलेलं असणार. अर्धा इंच बीएसपी आणि अर्धा इंच एनपीटी दोन्हींना इंचाला १४ आटे, त्यामुळं पिच गेज लावूनही फरक कळत नाही. पाऊण इंचाचंही तेच. पाव इंचाला मात्र बीएसपी १९ आणि एनपीटी १८, तिथं चूक लगेच उघडी पडते. अर्ध्या इंचात कळायचं ते आट्याच्या कोनावरून आणि बाहेरच्या व्यासातल्या बारीक फरकावरून. कूलरचं तोंड अ‍ॅल्युमिनियमचं. पोलादी ५५ अंशांचा आटा जोर लावून ६० च्या घरात घातला असता तर तो बसलाही असता, पण घर मोडून.

डॉननं निपल उलटंपालटं करून पाहिलं आणि आपल्या डब्यावर मार्करनं काहीतरी लिहिलं. स्पॅनिशमध्ये होतं, मी विचारलं नाही.

मला हवं होतं ते निपल असं: एका बाजूला अर्धा इंच एनपीटी, दुसऱ्या बाजूला सहा नंबर जेआयसी. तेही सरळ, कोपरा नको. निमुळत्या आट्याचा कोपरा आवळला तर तो घट्ट कधी होईल ते त्याच्या मर्जीवर, आणि तोंड कुठं वळेल तेही. हवं त्या दिशेला आणायला अजून पाव फेरा दिला तर अ‍ॅल्युमिनियम फुटायची भीती, मागं फिरवला तर गळणार. त्यापेक्षा वळण होजच्या टोकात घ्यावं. तिथला नट मोकळा फिरतो, होज हवा तसा ठेवून मग आवळायचा. निपलाच्या आट्यांना मी टेफ्लॉन टेप लावली नाही. नळाला ती ठीक आहे. गिअरबॉक्सच्या आत व्हॉल्व्ह बॉडी असते, तिच्यात केसासारख्या वाटा आणि सोलेनॉइड असतात. टेपचा एक तंतू सुटून तिथं अडकला की गिअर पडायचे वांधे. हवा न लागता घट्ट होणारा लेप मिळतो, तो पहिले दोन आटे सोडून लावला. आवळताना दोन पाने: एक कूलरच्या तोंडाच्या षट्कोनावर धरून ठेवायला, दुसरा निपलावर. एकाच पान्यानं आवळलं तर सगळा पीळ कूलरच्या डाक लावलेल्या मुळावर जातो. नव्या कूलरचं तोंड पहिल्याच दिवशी मुळातून हललेलं मी गिऱ्हाइकांच्या गाड्यांत पाहिलंय, आणि शिव्या मात्र कूलरच्या कंपनीला.

आता गाडीकडची नळी. बाजारात क्विक-कनेक्टपासून एनपीटी, एनपीटीपासून काटेरी निपल असे अडॅप्टर मिळतात, एकाला एक लावत गेलं की काम होतं. माणसं तसं करतात. मला ते आवडत नाही. प्रत्येक अडॅप्टर म्हणजे तेल थांबायच्या दोन नव्या जागा, आणि थरथरीत लोंबणारं वजन. माझ्या मते चांगल्या जोडकामाची खूण म्हणजे अडॅप्टर कमीत कमी असणं. जिथं अडॅप्टरची साखळी दिसते तिथं मोजमाप कमी आणि खरेदी जास्त झालेली असते.

आधी कुठली नळी परतीची ते पाहिलं. रेडिएटरवरची एक नळी क्लिप काढून सोडवली, दोन्ही तोंडांखाली बादल्या ठेवल्या आणि डॉनला क्षणभर इंजिन चालवायला सांगितलं. लाल तेल रेडिएटरच्या तोंडातून आलं, नळीतून नाही. म्हणजे तीच परतीची. कूलर रेडिएटरच्या नंतर यायला हवा: आधी पाण्यानं जमेल तेवढं थंड व्हायचं, मग वाऱ्यानं. उलट क्रमानं लावलं तर वाऱ्यानं थंड झालेलं तेल पुन्हा रेडिएटरच्या गरम पाण्यात जाऊन तापायचं.

पोलादी परतीची नळी काढून बाकावर घेतली. करवतीनं कापायची नाही. कीस आत जातो आणि तो शेवटी गिअरबॉक्समध्ये पोचतो. चाकाचा पाइप-कटर लावून, दर फेऱ्याला किंचित आवळत, सावकाश कापायची. कापल्यावर आतली कड बारीक वळलेली असते, तिची बर काढायची, नळीचं तोंड खाली धरून. बाहेरचा लेप टोकाशी कानशीनं साफ करायचा. मग नट आणि स्लीव्ह नळीवर चढवायची आणि मगच फ्लेअर मारायचा. ३७ अंशांचं साधन ब्रेकच्या नळ्यांच्या ४५ अंशी साधनासारखंच दिसतं. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेली असतात, त्यामुळं साधनावर कोरलेला आकडा वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. थेंबभर तेल लावून शंकू हळूहळू दाबत गेलं की पोलादाचं तोंड फुलासारखं उघडतं. उघडलं की ते उजेडात फिरवून बघायचं. फ्लेअरची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत हवी, कडेला केसाएवढीही चीर नको, आणि कड सगळीकडं सारखी रुंद. पहिल्या टोकाला एका बाजूला कड जरा जास्त आली होती, नळी साधनात तिरकी बसली होती म्हणून. अर्धा इंच कापून पुन्हा मारला. नळी लांब होती, परवडलं. सीट हीच, इथं कंजुषी नाही.

होज निवडताना मात्र आमच्या धंद्याची सवय आडवी येते. आमच्या रिळावर नेहमी असतो तो दोन तारांच्या जाळीचा होज, ३/८ च्या मापात चार हजार पीएसआयच्या घरातला. गिअरबॉक्सच्या कूलरला एवढ्या दाबाचं काय काम? पण त्याच होजच्या अंगावर तापमानाची मर्यादा छापलेली असते: १०० सेल्सिअस. माझं तेल ११३ पर्यंत गेलेलं. म्हणजे दाबाला राक्षस असलेला होज इथं उष्णतेनं कडक होऊन भेगाळला असता. म्हणून १५० अंशांचा, कमी दाबाचा होज मागवला. दोन्ही टोकांना जेआयसीचे एंड क्रिंप केले आणि क्रिंपचा व्यास तक्त्याशी ताडून पाहिला. खोक्यातली रबरी नळी आणि पट्ट्या वाईट नव्हत्या. साध्या कापलेल्या पोलादी नळीवर नुसती रबरी नळी चढवून पट्टी आवळली तर ती एक दिवस सटकते एवढंच. नळीच्या टोकाला फुगीर कडं काढलं तर तीही नीट चालते.

जोडणी झाल्यावर गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरला, इंजिन चालू केलं, गिअर एकेक करून टाकून पाहिले. तेल मोजायचं ते गाडी सपाटीवर, पार्कमध्ये, इंजिन चालू आणि तेल गरम असताना. थंड मोजलं तर काडी खोटं सांगते. कूलर आणि होज भरल्यामुळं पातळी उतरली होती, जवळजवळ अर्धा लिटर तेल घालावं लागलं. पुठ्ठा कोरा राहिला. हे लाल तेल बघितलं की मला दरवेळी एक गोष्ट नवल वाटते: १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत यात देवमाशाचं तेल घालत, कारण क्लचप्लेटा तशा अलगद धरणं दुसऱ्या कशानं जमत नव्हतं. अमेरिकेत देवमाशाच्या तेलावर बंदी आली तेव्हा गिअरबॉक्सवाल्यांना नवं रसायन शोधावं लागलं.

आता त्याच चढावर, तोच ट्रेलर ओढताना, आकडा १९५ च्या आसपास राहतो. ऑगस्टमधल्या दुपारी २०० च्या थोडा वर जातो आणि सनसेट पॉइंटला पोचून गाडी सपाटीला लागली की पाच-सात मिनिटांत उतरतो. होजच्या टोकांवर बोट फिरवून बघायची सवय लागलीय. अजून तरी बोट कोरडंच येतं.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. इथल्या पुष्कळ लोकांचं मत रेडिएटरमधली नळी पूर्ण बंद करून फक्त बाहेरचा कूलर ठेवावा असं आहे. त्याला कारणही आहे: २००५ ते २०१० च्या निसान फ्रंटिअर पिकअपांत रेडिएटरमधली ती नळी आतून फुटून पाणी आणि तेल एक झाल्याची प्रकरणं गाजली होती, आणि कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवून द्यावी लागली होती. पाण्यातलं ग्लायकॉल क्लचप्लेटांचा गोंद सोडवतं, मग गिअरबॉक्स वाचत नाही. पण जानेवारीत फ्लॅगस्टाफला पहाटे उणे दहा सेल्सिअसच्या खाली पारा जातो. तेव्हा हीच रेडिएटरमधली नळी तेलाला ऊब देते. ती काढली आणि फक्त कूलर ठेवला तर रिकामा ट्रेलर घेऊन उतारावर येताना तेल गरमच होणार नाही, घट्ट राहील, आणि घट्ट तेलही गिअरबॉक्सला सोसत नाही.

यावर उपाय म्हणून तापमान पाहून कूलरकडची वाट उघडणारा थर्मोस्टॅटचा ठोकळा मिळतो. तो मी आणून ठेवलाय. त्याची तोंडं ओ-रिंगची आहेत, सहा नंबर, ९/१६-१८, म्हणजे आटा माझ्या जेआयसीचाच पण तेल थांबायची जागा निराळी. तो लावायचा तर चार जोड वाढतात. डॉन म्हणतो लाव, मी म्हणतो हा हिवाळा आकडे बघू दे.